इन्स्टॉल तर झालं, मग कॉम्प्युटरला सापडत का नाही?

जावा इन्स्टॉल करताना काहीच अडत नाही. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मग तुम्ही कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडता, 'जावासी' (जावात लिहिलेला प्रोग्रॅम चालवण्याजोगा करणारी आज्ञा) टाइप करता आणि कॉम्प्युटर सांगतो की या नावाची आज्ञा किंवा प्रोग्रॅम आपल्याला माहीत नाही. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांना हा निरोप कधी ना कधी भेटतोच. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे सगळं काढून टाकायचं आणि पुन्हा इन्स्टॉल करायचं. पुन्हा तोच निरोप येतो.

सॉफ्टवेअर जागेवरच असतं. ते कुठे शोधायचं, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगण्याची सोय म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कुठे क्लिक करायचं हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांची अडचण अशी की तुमच्या पडद्यावर एखादी गोष्ट वेगळी दिसली की पुढचं सगळं अडतं. म्हणून मी आधी आत काय घडतं ते सांगतो आणि बटणांकडे नंतर वळतो.

एक सूचना. इथे आज्ञा आणि नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. 'जावा होम'सारख्या व्हेरिएबलच्या नावात दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसते, खालची आडवी रेघ म्हणजे अंडरस्कोर असतो.

कुरिअरवाल्याची चिठ्ठी

गिरगावातल्या एका मोठ्या चाळीत नवा कुरिअरवाला पाकीट घेऊन आलाय. पाकिटावर नाव एवढंच: सावंत. ऑफिसातून निघताना त्याच्या हातात एक चिठ्ठी दिलेली आहे. आधी पहिला मजला बघ, मग तिसरा, मग मागची इमारत. तो त्याच क्रमाने फिरतो. जो पहिला सावंत भेटेल त्याच्या हातात पाकीट देतो आणि निघून जातो. पाकीट ज्यांचं आहे ते सावंत दुसऱ्या मजल्यावर दार उघडं टाकून बसलेत, पण चिठ्ठीत दुसरा मजलाच नाही. पहिल्या-तिसऱ्यावर कुणी सावंत नसतील, तर हा परत जाऊन सांगणार, "असं कुणी राहत नाही."

पाथ नावाचं व्हेरिएबल म्हणजे ही चिठ्ठी. त्यात फोल्डरांचे पत्ते एकामागोमाग लिहिलेले असतात. तुम्ही 'जावासी' म्हटलंत की कॉम्प्युटर त्या पत्त्यांवर क्रमाने जातो आणि त्या नावाची फाइल पहिल्यांदा जिथे सापडेल तिथली चालवतो. यादी संपेपर्यंत सापडली नाही, तर वर सांगितलेला निरोप देतो. संपूर्ण हार्ड डिस्क धुंडाळत बसणं त्याच्या कामात नाही, आणि ते बरंच आहे. तसं केलं असतं तर प्रत्येक आज्ञेला ताटकळत बसावं लागलं असतं.

यातून दोन गोष्टी सरळ निघतात. फोल्डर यादीत नसेल तर प्रोग्रॅम असूनही सापडत नाही. आणि एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम असतील तर यादीत जो आधी येतो तो चालतो, मग दुसरा कितीही नवा असो.

तिसरी गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही, आणि नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. कुरिअरवाल्याच्या खिशातली चिठ्ठी ही नक्कल आहे. तो निघाल्यावर ऑफिसातल्या वहीत कुणी 'दुसरा मजला' असं लिहिलं, तरी त्याच्या खिशातल्या कागदावर ते उमटत नाही. कॉम्प्युटरमध्येही नेमकं हेच होतं. कुठलाही प्रोग्रॅम सुरू होतो त्या क्षणी, ज्याने त्याला सुरू केलं त्याच्याकडच्या व्हेरिएबलांची एक प्रत त्याला मिळते. नंतर तुम्ही सेटिंगमध्ये बदल केलात, तरी आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुन्या प्रतीवरच चालते. ती बंद करून नवी उघडली की नवी प्रत मिळते.

व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा एडिटर वापरणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. त्याच्या आत उघडणारं टर्मिनल, म्हणजे तिथली काळी खिडकी, आपली प्रत व्हीएस कोडकडून घेतं. त्यामुळे आतलं टर्मिनल कितीही वेळा बंद-चालू केलं तरी फरक पडत नाही. व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने उघडावा लागतो. मशीन रीस्टार्ट करा, असा सल्ला मिळतो आणि तो लागूही पडतो, पण रीस्टार्टने वेगळं काही होत नाही. सगळे प्रोग्रॅम नव्याने सुरू होतात आणि म्हणून सगळ्यांना नवी प्रत मिळते, इतकंच.

नक्कल एकाच दिशेने जाते, हेही लक्षात असू द्या. सुरू झालेल्या प्रोग्रॅमने आपल्या प्रतीत फेरफार केला, तर तो ज्याने सुरू केलं त्याच्यापर्यंत परत पोचत नाही. तुमच्या पायथन प्रोग्रॅमने एखादं व्हेरिएबल बदललं आणि प्रोग्रॅम संपल्यावर काळ्या खिडकीत जुनीच किंमत दिसली, तर त्यात बिघाड काही नाही.

ही व्यवस्था जुनी आहे. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे 1979 साली, ती आजच्या रूपात आली. मॅक आणि लिनक्स तिच्यावर आजही चालतात, आणि विंडोजकडे ती डॉसच्या वाटेने आली. व्हेरिएबलांत पाथ एकटाच नसतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं 'सेट' टाइप करा. मॅक किंवा लिनक्सवर 'एन्व्ह'. डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत, अशा ओळीच्या ओळी खाली येतील. तुमचं घरचं फोल्डर कुठलं, तात्पुरत्या फाइल कुठे टाकायच्या, भाषा कुठली, असं बरंच काही त्यात असतं. या आज्ञेने काहीही बदलत नाही, ती फक्त दाखवते. कुठल्याही बदलाआधी ती एकदा चालवून बघायची सवय लावून घ्या.

विंडोजवर प्रत्यक्ष

स्टार्ट दाबून 'एन्व्हायर्नमेंट' टाइप केलं की बहुधा दोन पर्याय दिसतात. एक सिस्टिमचा, दुसरा 'फॉर युअर अकाउंट' असं लिहिलेला. दुसरा घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे नसतो, आणि या वाटेने गेलं तर तो लागतही नाही.

उघडलेल्या खिडकीत दोन चौकोन असतात. वरचा तुमच्या खात्यापुरता, खालचा संपूर्ण मशीनचा. वरच्या चौकोनात पाथ निवडून 'एडिट' दाबलं की पत्ते एकाखाली एक दिसतात. 'न्यू' दाबायचं, फोल्डरचा पत्ता चिकटवायचा आणि प्रत्येक खिडकीत 'ओके' म्हणत बाहेर पडायचं. कोपऱ्यातल्या फुलीने बाहेर पडलात तर केलेलं सगळं वाया जातं.

पत्ता हाताने टाइप करू नका. फाइल एक्स्प्लोररमध्ये ते फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीवर क्लिक करा, तिथून कॉपी करा. राइट क्लिक करून 'कॉपी ॲज पाथ' घेतलंत, तर दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं येतात. ती काढून टाका. आणि पत्ता फोल्डरचा द्यायचा, फाइलचा नाही. शेवटी 'जावासी डॉट ईएक्सई' लिहिलंत तर कॉम्प्युटर त्या नावाचं फोल्डर शोधत बसेल.

जावाच्या बाबतीत दोन नोंदी लागतात आणि त्या हटकून एकमेकींत मिसळतात. जेडीके 21 (जेडीके म्हणजे जावात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीचा संच) घेतलं असेल तर त्याचं फोल्डर साधारण 'सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-21' असं असतं. पाथमध्ये याच्या आतलं 'बिन' फोल्डर जातं, कारण चालवायच्या फाइल तिथे आहेत. 'जावा होम' हे मात्र वेगळं व्हेरिएबल. ते 'न्यू' दाबून नव्याने तयार करायचं आणि त्याची किंमत 'बिन'च्या आधीच थांबवायची. मेव्हन, ग्रेडल, टॉमकॅट यांसारखी जावाची साधनं 'जावा होम' वाचतात आणि पुढे 'बिन' स्वतः जोडतात. तुम्हीही 'बिन' लिहिलंत तर ती 'बिन'च्या आत आणखी एक 'बिन' शोधतात. मेव्हनची 'जावा होम' नीट लिहिलेलं नाही अशी तक्रार आली, तर सगळ्यात आधी हे तपासा.

पायथनची गोष्ट थोडी निराळी. पायथनच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर तळाशी एक चौकोन असतो, पायथन पाथमध्ये घालू का असं विचारणारा. त्यावर आधीपासून टिक नसते. घाईत ती करायची राहून जाते आणि मग 'पायथन' टाइप केल्यावर विंडोज 10 आणि 11 वर चक्क मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. स्टोअर उघडतं कारण विंडोजने त्या नावाची एक पोकळ फाइल आधीच पाथमधल्या एका फोल्डरात ठेवलेली असते. दुसऱ्याच सावंतांचं दार म्हणा ना. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधून तिथले पायथनचे दोन खटके बंद करा आणि खऱ्या पायथनचा पत्ता पाथमध्ये घाला. तो सहसा तुमच्या खात्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरात खोलवर असतो, आणि 'ॲपडेटा' लपवलेलं असल्यामुळे फाइल एक्स्प्लोररमध्ये सहज दिसत नाही. 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. हा सगळा खटाटोप नको असेल तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडा, 'नेक्स्ट' दाबा आणि त्यापुढच्या पडद्यावर पाथची टिक करा. यात कमीपणा काही नाही.

चुकीचा सावंत

लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीतून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर आधीच्या मालकाचं काही ना काही मागे राहिलेलं असतं. तुम्ही नवं जावा घातलंत, पाथही लिहिलात, आणि 'जावा -व्हर्जन' विचारल्यावर उत्तर मात्र 1.8 असं येतं. यादीत आधी कुणी दुसरं बसलंय, याचा हा पुरावा.

कोण बसलंय हे 'व्हेअर जावा' या आज्ञेने कळतं. पाथमध्ये जिथे जिथे त्या नावाची फाइल आहे ते सगळे पत्ते ती क्रमाने दाखवते. वरचा पत्ता चालतो. ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टमध्येच द्या. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या दुसऱ्या खिडकीत 'व्हेअर' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे काहीच छापलं जात नाही आणि आपण उगाच घाबरतो. पॉवरशेलमध्ये 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहावं लागतं. मॅक आणि लिनक्सवर 'व्हिच -ए जावा'.

जावाच्या बाबतीत पहिल्या क्रमांकावर बरेचदा 'ओरॅकल'च्या फोल्डरातलं 'जावापाथ' सापडतं. ओरॅकलचा इन्स्टॉलर ते स्वतःच मशीनच्या यादीत घालतो. जावा 8 च्या काळातल्या त्या फोल्डरात 'जावा' होतं पण 'जावासी' नव्हतं. त्यामुळे एक आज्ञा चालते आणि दुसरी ओळखीचीच नाही म्हणते, हा चमत्कार तिथून येतो.

यादीत नवा पत्ता 'मूव्ह अप'ने वर सरकवायचा, हा साधा उपाय. पण तो नेहमी लागू पडत नाही. विंडोज मशीनची यादी आधी घेतं आणि तुमच्या खात्याची तिच्या मागे जोडतं. जुनं जावा खालच्या चौकोनात असेल, तर वरच्या चौकोनात तुम्ही आपला पत्ता अगदी पहिला केलात तरी तो जुन्याच्या मागेच राहणार. घरचं मशीन असेल तर खालच्या चौकोनात जाऊन दुरुस्ती करा. लॅबमध्ये ते जमणार नाही. तिथे त्या खिडकीपुरता पाथ बदलून काम भागवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सेट पाथ=' लिहून लगेच नव्या फोल्डरचा पत्ता, मग अर्धविराम, मग '%पाथ%'. शेवटच्या तुकड्याचा अर्थ 'आधी जे होतं ते सगळं'. खिडकी बंद केली की हा बदल विरतो. लॅबच्या मशीनवर ते सोयीचंच, आपला पसारा मागे राहत नाही.

या 'सेट'बद्दल दोन बारकावे. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नका. सोडलीत तर ती जागा नावाचा किंवा किमतीचा भाग होते, आणि दिसायला सारखं पण प्रत्यक्षात निराळं व्हेरिएबल तयार होतं. तसंच किमतीला अवतरणचिन्हं लावलीत तर तीही किमतीतच जातात.

'सेटएक्स' नावाची बदल कायम ठेवणारी आज्ञाही आहे आणि बऱ्याच ठिकाणी पाथसाठी ती सुचवलेली दिसते. माझं मत विचाराल तर नवशिक्याने पाथला 'सेटएक्स' लावूच नये. ती 1024 अक्षरांपुढचं कापून टाकते. शिवाय तिच्यात '%पाथ%' दिलंत तर मशीनची आणि तुमची अशा दोन्ही याद्या एकत्र होऊन तुमच्या यादीत लिहिल्या जातात. लांबलचक पाथ असलेल्या मशीनवर शेवटचे पाच-सहा पत्ते गायब होतात, आणि ते कधी गेले हे महिन्याभराने एखादा प्रोग्रॅम बंद पडल्यावर कळतं.

पाथ पुसला गेला तर

जोडायच्या ऐवजी खोडून लिहिलं, असं होतं. मग नोटपॅडसुद्धा नावाने उघडत नाही. अशा वेळी आधी उघडलेली एखादी काळी खिडकी शिल्लक आहे का ते बघा. तिच्याकडे अजून जुनी प्रत आहे. मघाशी जी गोष्ट डोकेदुखी होती तीच इथे वाचवते. त्या खिडकीत 'एको %पाथ%' म्हणा आणि जे छापलं जाईल ते कॉपी करून ठेवा.

अशी खिडकी नसेल तर मशीनच्या यादीत निदान विंडोजचे स्वतःचे पत्ते हाताने परत घाला: 'सी:\विंडोज\सिस्टिम32', 'सी:\विंडोज', आणि सिस्टिम32 च्या आतले 'डब्ल्यूबेम' व 'विंडोजपॉवरशेल\व्ही1.0'. बाकीचे पत्ते ज्या त्या सॉफ्टवेअरचे, ते सवडीने. फक्त वरच्या चौकोनातला पाथ गेला असेल तर नुकसान पुष्कळच कमी असतं. हे टाळायचं तर बदलाआधी तोच 'एको' चालवून उत्तर एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मॅक आणि लिनक्सवर

तिथे खिडक्या आणि चौकोन नाहीत, एक फाइल असते. मॅकवर 2019 च्या कॅटलिनापासून झी शेल हा आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम मूळचा आहे, त्यामुळे घरच्या फोल्डरमधली 'डॉट झेडएसएचआरसी' ही फाइल. लिनक्सवर बहुधा 'डॉट बॅशआरसी'. तिच्या शेवटी 'एक्स्पोर्ट पाथ=' लिहून नवा पत्ता, मग अपूर्णविराम, मग '$पाथ'. पत्ते वेगळे करायला विंडोज अर्धविराम वापरतं, इथे अपूर्णविराम लागतो. दुसरा फरक असा की इथे अक्षरं लहान-मोठी असण्याने नाव बदलतं. विंडोजला 'पाथ' कसाही लिहिला तरी चालतो, इथे सगळी अक्षरं मोठी हवीत.

शेवटचं '$पाथ' विसरलात तर फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस'सुद्धा चालेनाशी होते, आणि चूक फाइलमध्येच असल्यामुळे नव्या खिडकीतही तेच. घाबरू नका. पूर्ण पत्ता दिला की पाथची गरजच पडत नाही. '/यूएसआर/बिन/नॅनो' असं लिहून एडिटर उघडा, ती ओळ दुरुस्त करा, नवी खिडकी उघडा.

पाथपलीकडचे काही

मुंबईत लॅपटॉप दिवसभर फिरत असतो. सकाळी कॉलेज, संध्याकाळी घर. कॉलेजचं नेटवर्क प्रॉक्सीमागे, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरमागे, असेल तर 'पिप' किंवा 'एनपीएम' या लायब्ररी उतरवून घेणाऱ्या आज्ञांना बाहेर जाता यावं म्हणून कुणीतरी 'एचटीटीपी प्रॉक्सी' आणि 'एचटीटीपीएस प्रॉक्सी' अशी दोन व्हेरिएबलं घालून देतं. कॉलेजात सगळं सुरळीत. डोंबिवलीला घरी आल्यावर मात्र ब्राउझर चालतो आणि 'पिप' अडून बसतं, कारण ते अजून कॉलेजच्याच प्रॉक्सीला हाका मारतंय. अशी व्हेरिएबलं कायमची न घालता त्या खिडकीपुरतीच 'सेट' करावीत. लिनक्सवर 'कर्ल' ही नेटवरून मजकूर आणणारी आज्ञा वापरत असाल तर 'एचटीटीपी प्रॉक्सी' हे नाव लहान अक्षरांत लिहा; मोठ्या अक्षरांतलं नाव 'कर्ल' मुद्दाम वाचत नाही. वेब सर्व्हरवर त्याच नावाचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून ही खबरदारी.

वेळेचं व्हेरिएबल मुंबईकरांना जरा खट्टू करणारं आहे. अमेझॉनच्या क्लाउडचं मुंबईत 2016 पासून केंद्र आहे. तुमचा सर्व्हर तिथे असला तरी त्याचं घड्याळ सहसा यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, दाखवतं. सकाळी दहाला आलेली तक्रार नोंदीत साडेचारची दिसते. लिनक्सवर 'टीझेड' या व्हेरिएबलला किंमत दिली की हे सुटतं, पण ती द्यायची 'एशिया/कोलकाता'. जगभरचे कॉम्प्युटर ज्या यादीवरून वेळ काढतात तिच्यात मुंबईच्या नावाची नोंदच नाही. एकेकाळी भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे चालणारी स्वतःची बॉम्बे टाइम बाळगणाऱ्या शहराला आता कोलकात्याचं नाव टाइप करावं लागतं. नुसतं 'मुंबई' लिहिलंत तर चूक दाखवलीही जात नाही, घड्याळ मुकाट्याने यूटीसीवरच राहतं.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक. विंडोजवर पायथनने मराठी मजकुराची फाइल वाचताना कधी 'चार्मॅप'ची चूक येते, तर कधी अक्षरांच्या जागी विचित्र युरोपीय चिन्हांची रांग. पायथन ती फाइल विंडोजच्या जुन्या अक्षरपद्धतीने वाचायला जातं म्हणून हे होतं. 'पायथनयूटीएफ8' नावाचं व्हेरिएबल तयार करून त्याला 1 ही किंमत द्या. पायथन 3.7 पासून हे चालतं. इथे नावात अंडरस्कोर नाही, सगळं सलग.

पासवर्ड आणि किल्ल्या

प्रोजेक्ट थोडा मोठा झाला की डेटाबेसचा पासवर्ड, एखाद्या सेवेची एपीआय किल्ली (आपल्या प्रोग्रॅमला ती सेवा वापरू देणारा परवलीचा शब्द) अशा गोष्टी लागतात. त्या प्रोग्रॅममध्येच लिहू नयेत, व्हेरिएबलमध्ये ठेवाव्यात, हा रिवाज आता सगळीकडे रुळलाय. तुमच्या लॅपटॉपवर एक पासवर्ड, खऱ्या सर्व्हरवर दुसरा, आणि प्रोग्रॅम मात्र तोच.

त्यासाठी प्रोजेक्टच्या फोल्डरात 'डॉट एन्व्ह' नावाची फाइल करतात. नावसाधर्म्यामुळे नवशिक्यांना वाटतं की ती विंडोज किंवा लिनक्स आपोआप वाचत असेल. तसं नसतं. ती साधी टेक्स्ट फाइल आहे आणि कुणीतरी वाचल्याशिवाय तिला काही अर्थ नाही. पायथन आणि नोडमध्ये (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) 'डॉटएन्व्ह' जातीची लायब्ररी ते काम करते, नोडच्या 20.6 आवृत्तीपासून '--एन्व्ह-फाइल' असं सांगून लायब्ररीशिवायही भागतं. काळ्या खिडकीत 'एको' केल्यावर त्या किमती दिसणार नाहीत, कारण त्या तुमच्या प्रोग्रॅमच्या प्रतीत जातात आणि ती प्रत मागे येत नाही. विंडोजवर ही फाइल नोटपॅडमध्ये केलीत तर शेवटी गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लागलेलं नाही ना, तेही बघा. ती फाइल वाचली जात नाही, या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथेच असतं.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, वापरत असाल तर पहिल्या कमिटच्या (बदलांच्या नोंदीच्या) आधीच 'डॉट गिटइग्नोर'मध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, या फाइलचं नाव घाला. सोबत्यांना कुठली व्हेरिएबलं लागतात हे कळावं म्हणून नावं ठेवून किमती रिकाम्या सोडलेली एक नमुना फाइल वेगळी ठेवतात, ती खुशाल कमिट करा. किल्ली चुकून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर गेलीच, तर फाइल पुसून नवा कमिट केल्याने ती जात नाही, इतिहासात तशीच राहते, आणि उघड्या रिपॉझिटरीत (कोणालाही बघता येणाऱ्या कोडच्या साठ्यात) अशा किल्ल्या शोधत फिरणारे प्रोग्रॅम असतात. ज्या सेवेची किल्ली आहे तिच्या संकेतस्थळावर जाऊन आधी ती रद्द करा, नवी घ्या, आणि गिटचा इतिहास साफ करायचं काम त्यानंतर हातात घ्या.